एव्हीआर बदलण्याआधी

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: लाइट गेली की छोटा पेट्रोल जनरेटर लावतो. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की दिवे मंदावतात, मग बराच वेळ कमी-जास्त होत राहतात, आणि यूपीएस तर जनरेटरची वीज घेतच नाही. मेकॅनिक म्हणतो, एव्हीआर बदला. बदलावा का?

आधी मल्टिमीटरवर व्होल्टेजसोबत हर्ट्झही पाहा. व्होल्टेज दोन गोष्टींवर ठरतं: रोटरमध्ये चुंबकत्व किती आहे आणि तो किती वेगानं फिरतो आहे. एव्हीआरच्या, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणाऱ्या भागाच्या, हातात यातली फक्त पहिली गोष्ट असते. व्होल्टेज 230 च्या खाली घसरलं की तो रोटरच्या वाइंडिंगमध्ये जास्त डीसी करंट सोडतो. वेग सांभाळायचं काम इंजिनाच्या गव्हर्नरचं. दोन ध्रुवांच्या मशीनला 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 3000 फेरे लागतात. साध्या यांत्रिक गव्हर्नरला फेरे थोडे पडल्याशिवाय लोड आल्याचं कळतच नाही, म्हणून रिकामं मशीन 52 हर्ट्झच्या आसपास ठेवतात. पूर्ण लोडवर ते 50 च्या जवळ राहिलं तर उत्तम. 46 पर्यंत पडत असेल किंवा आकडा सतत वर-खाली होत असेल, तर नवा एव्हीआर काही करू शकणार नाही. आउटपुटला लावलेला स्टॅबिलायझरही नाही. तो व्होल्टेज सावरेल, हर्ट्झ नाही. आणि यूपीएस पुष्कळदा अडून बसतो तो हर्ट्झवरूनच.

मशीनला कार्बन ब्रश नसतील, तर बहुधा त्यात एव्हीआर नाहीच. वेगळ्या वाइंडिंगला जोडलेला एक कॅपॅसिटर ते काम करतो. तिथे मोठा कॅपॅसिटर टाकून द्यायची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. त्यानं सगळ्याच लोडवर व्होल्टेज वर सरकतं. लोड पडल्यावरची घसरण होती तिथेच राहते आणि रात्री दोनच दिवे चालू असताना ते दिवे उडतात.

गव्हर्नर म्हटलं की वॉटचं वाफेचं इंजिन आणि त्यावरचे फिरणारे दोन गोळे सर्वांना आठवतात. मला आठवतो जेम्स क्लार्क मॅक्सवेल. विद्युतचुंबकत्वाच्या समीकरणांनी त्याचं नाव इतकं व्यापलं आहे, की त्याचं हे दुसरं काम झाकोळून गेलं. 1860 च्या दशकात विद्युतरोधाचं प्रमाण एकक ठरवण्यासाठी लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये प्रयोग चालले होते. त्यात तारेचं एक वेटोळं अगदी एकसारख्या वेगानं फिरवायचं होतं. सहकारी फ्लीमिंग जेन्किननं त्यासाठी गव्हर्नर बनवला होता. म्हणजे आपल्या दवाखान्यातलीच अडचण: फिरतं वेटोळं आणि न डळमळणारा वेग! मॅक्सवेलनं तिचं गणित मांडलं आणि 1868 मध्ये ‘ऑन गव्हर्नर्स’ हा निबंध प्रसिद्ध केला. धक्का बसलेलं यंत्र शांत होणार, की हेलकावे वाढवत नेणार, हे समीकरणाच्या उत्तरांवरून आधीच सांगता येतं, हे त्यानं दाखवलं. अधिक गुंतागुंतीच्या यंत्रांसाठी लागणारी सर्वसाधारण अट त्याला सापडली नाही. ती एडवर्ड राउथनं शोधली आणि 1877 मध्ये त्याला त्यासाठी ॲडम्स पारितोषिक मिळालं. 1854 च्या केंब्रिजच्या गणित परीक्षेत राउथ पहिला आला होता, मॅक्सवेल दुसरा. हे वाचून मला आजही आनंद होतो.

त्या निबंधातला धोका छोट्या इंजिनावर कानांनी ऐकू येतो. सायकल शिकणारं पोर तोल जातोय म्हणून हँडल जोरात वळवतं आणि दुसऱ्या बाजूला कलंडतं, तसंच गव्हर्नर फार तिखट झाला की इंजिन एकदा गरगरतं, एकदा दबतं. मेकॅनिक याला हंटिंग म्हणतात. बऱ्याच इंजिनांत गव्हर्नरच्या दांडीला दोन-तीन भोकं असतात. स्प्रिंग टेकूजवळच्या भोकात अडकवली की तो जास्त संवेदनशील होतो. हंटिंग असेल तर ती एक भोक लांब न्यावी. पण त्याआधी कार्ब्युरेटरचा जेट साफ करा. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलची चिकट पुटं त्यात बसतात, इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि हंटिंग सुरू होतं.

एव्हीआरही फार तत्पर असून चालत नाही. इंजिन लोडखाली दबलेलं असताना त्यानं व्होल्टेज हट्टानं 230 वर धरलं, तर लोड जराही हलका होत नाही आणि फेरे आणखी पडतात. म्हणून मोठ्या जनरेटरांच्या एव्हीआरमध्ये एक शहाणी सोय असते: हर्ट्झ ठरावीक मर्यादेखाली गेले की तो स्वतःहून व्होल्टेज उतरवतो, इंजिनाला दम घेऊ देतो आणि फेरे सावरले की पुन्हा चढवतो. कॉम्प्रेसर सुरू होतानाची ती क्षणभराची मंदी बिघाड नसते. इंजिन नीट झाल्यावर तेवढीच उरली, तर जुना एव्हीआर राहू द्या. हर्ट्झ स्थिर असूनही व्होल्टेज हलत असेल, तर मात्र ब्रश आणि स्लिप रिंग तपासून मगच नवा आणा.