तुरळ-राजवाडीचे झरे आणि रायबोसोम

संगमेश्वरातल्या तुरळ-राजवाडीच्या गरम कुंडांवर गेलात की हे आठवा: पेशीत प्रथिनं जुळवणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडायला मदत झाली ती अशाच झऱ्यातल्या जिवाणूची. थर्मस थर्मोफिलस, मूळचा जपानमधल्या गरम झऱ्यातला. त्याचा रायबोसोम टणक, त्यामुळे स्फटिक चांगले जमतात. त्या स्फटिकांवरूनच शास्त्रज्ञ वेंकी रामकृष्णन यांच्या गटानं २००० मध्ये रायबोसोमच्या दोन भागांपैकी लहान उपघटकाची रचना मांडली. २००९ मध्ये नोबेल. रामकृष्णन यांची पीएचडी मात्र भौतिकशास्त्रात, रायबोसोमशी गाठ पडली ती येलच्या पोस्टडॉकमध्ये!

मला सगळ्यात थक्क करतं ते वेगळंच. हा थर्मस जिवाणू आपल्या टी-आरएनएतल्या, म्हणजे रायबोसोमकडे अमिनो आम्लं आणणाऱ्या रेणूतल्या, एका युरिडिनवर मिथाइल गट आणि गंधकाचा अणू चढवतो. एवढ्याशा बदलानं तो रेणू कडक उष्णतेतही उलगडत नाही.

रत्नागिरीतल्या जीवशास्त्राच्या मुलांनो, प्रकल्पाला विषय हवाय? आपल्या झऱ्यांतले जिवाणू घ्या.