कान्हेरीला जाण्यापूर्वी

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर जंगलाचं दार लागतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, बोरिवलीपासून ठाण्यापर्यंत पसरलेलं आहे. एवढं जवळ आहे म्हणूनच आपण तिथं बागेत जावं तसे जातो. थोडी तयारी केली तर एका दिवसात दोन हजार वर्षांचा इतिहास आणि जिवंत जंगल दोन्ही पाहून होतं.

सोमवारी उद्यान आणि लेणी बंद असतात, हे आधी लक्षात ठेवावं. सकाळी लवकर निघावं. मुख्य दारापासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर आत आहे. तिथवर जाण्याची काय सोय आहे, याची चौकशी दारावरच करावी. लेण्यांचं तिकीट वेगळं असतं, कारण ती पुरातत्त्व खात्याकडे आहेत. हिवाळा सर्वांत सोयीचा. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो, पण कातळ शेवाळून निसरडा होतो. तेव्हा ओढ्यात उतरू नये.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. या काळ्या बेसाल्टमध्ये शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून हजारभर वर्षं इथं बौद्ध भिक्षूंचा वावर होता. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात दोन व्यापारी भावांनी करवून घेतलं. त्याच्या ओसरीतल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्तींपुढे माणूस आपोआप गप्प होतो. बहुतेक लोक इथूनच परततात. तसं करू नये. थोडं वर चढून गेलं की एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर भेटतो. नव्वदाव्या लेण्यात अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत. दुसऱ्याच्या श्रद्धेचं ठिकाण पाहायला आलेल्या त्या माणसांनी आपली नावं तिथं ठेवली आणि मुक्कामाच्या यजमानांनी ती राहू दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आज मात्र कुणी भिंतीवर नाव कोरलं तर तो गुन्हा आहे.

लेण्यांशेजारची पाण्याची टाकी अवश्य पाहावीत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलं आहे. कातळावर पन्हळी खोदून पावसाचं पाणी या टाक्यांत उतरवलेलं आहे. उन्हाळ्याची सोय पावसातच करून ठेवायची, हा त्यातला हिशेब. याच जंगलातले तुळशी आणि विहार हे तलाव आजही मुंबईला पाणी देतात. म्हणजे हे जंगल आपल्या नळापर्यंत येऊन पोचलेलं आहे.

आता बिबट्याविषयी. उद्यानात आणि आसपास त्यांची संख्या पन्नासच्या घरात आहे. सफारीत दिसतात ते वाघ-सिंह कुंपणातले. बिबट्या मोकळा असतो आणि सहसा माणसाला टाळतो. पण २००४ साली या परिसरात त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसं दगावली, हेही विसरता येणार नाही. जंगलाच्या कडेला कचरा साठला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणून आपण टाकलेली वेफर्सची पिशवी ही केवळ अस्वच्छता नसते. तिची किंमत पाड्यावरच्या एखाद्या लहान मुलाला मोजावी लागू शकते. इथले वारली आदिवासी वाघोबाला देव मानतात आणि त्याच्याशी अंतर राखून राहतात. आपणही तेच करावं.

माकडांना खायला घालू नये. मुलांना नजरेआड होऊ देऊ नये. वाट सोडू नये आणि अंधार पडण्याआधी दाराबाहेर यावं. पाण्याची बाटली भरून न्यावी, रिकामी परत आणावी. डोंगरउतारांवरची कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली. पुढचा बहर २०३२ साली येईल. तोवर तिची झुडपं आपल्या पायांखाली तुडवली जाऊ नयेत, एवढं तरी आपल्या हाती आहे.