अंगठ्याचं टोक उचलतंय का?

ऊस बुडख्यापासून तोडायचा म्हणजे वाकून, डाव्या मुठीत कांडं धरून, कोयता जमिनीलगत चालवावा लागतो. पाऊल तिथून जेमतेम वीतभर लांब, आणि पायात बहुधा साधी चप्पल. कोयता निसटला की वार बसतो तो पावलाच्या वरच्या अंगाला. अंगठा वर उचलणारं टेंडन तिथे कातडीच्या अगदी खालून जातं. त्याचा स्नायू नडगीशेजारच्या बारीक हाडापाशी सुरू होतो आणि टेंडन घोट्यापुढून उतरून अंगठ्याच्या शेवटच्या पेरावर रोवलेलं असतं. पायावर विळी पडली, बरणी फुटली तरी तेच कापलं जातं.

साखरपट्ट्यातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत बसलो होतो. ऊसतोडीला आलेली तिशीची बाई नवऱ्याला धरून आत आली. जखम तीन आठवड्यांपूर्वीची. टाके दुसरीकडे घातलेले, काढलेले, कातडी छान जुळलेली.

“जखम भरली, पण चप्पल घालताना अंगठा आत मुडपतोय,” ती म्हणाली.

“ताई, अंगठा वर करा बघू.”

अंगठा थोडा वर आला. “उचलतोय की, साहेब!” नवऱ्याला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी अंगठ्याचं बुडाकडचं पेर दोन बोटांत घट्ट धरलं. “आता नुसतं टोक उचला.” बाईंनी दात आवळून जोर लावला. टोक ढिम्म. दुसऱ्या पायाला तेच सांगितल्यावर टोक झटक्यात वर आलं आणि पावलावर ताणलेली दोरी कातडीखाली स्पष्ट दिसली. जखमी पावलावर ती जागा सपाटच होती.

गफलत होते ती इथेच. बुडाकडचं पेर उचलायला एक वेगळा, आखूड स्नायू असतो. लांब टेंडन पूर्ण तुटलं तरी तो काम करत राहतो, म्हणून अंगठा हलताना दिसतो. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, टेंडन दिसत नाही.

ताज्या जखमेत तुटलेली दोन्ही टोकं बहुतेक वेळा शोधून सरळ शिवता येतात. उशीर झाला की स्नायू वरचं टोक नडगीच्या दिशेने ओढून घेतो. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी मलाही आत उभं राहू दिलं. निरोगी टेंडन पांढरं, चकचकीत असतं. इथे जुन्या व्रणाच्या बरंच वर, घोट्यापाशी, जाड झालेली करडी गाठ सापडली. ती कापून साफ केल्यावर टोकं जुळेनात. मग शेजारच्या बोटाच्या टेंडनचा आधार घेऊन अंतर भरून काढलं. टाके असे घातले की ताण टोकांवर न येता धाग्यावर यावा. शेवटी घोटा काटकोनात आणि अंगठा वर ठेवून प्लॅस्टर.

पुढचा काळ धीराचा. प्लॅस्टर साधारण सहा आठवडे. मग फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली आधी अंगठा वर उचलायचा व्यायाम, आणि खाली वाकवायचा तो बेताबेताने. घाई केली तर शिवण सुटते. टेंडनला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळतं सावकाश आणि पक्कं व्हायला महिने जातात. तोवर ऊसतोडीचा हंगाम संपलेला असतो. मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच राहते.

हे सगळं टाळणारी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, कारखान्याच्या दवाखान्यात, पावलावरच्या प्रत्येक खोल जखमेत टाक्यांआधी ती व्हायलाच हवी. आणि डॉक्टर विसरले, तर तुम्ही आठवण करा: “अंगठ्याचं टोक उचलतंय का, ते आधी बघा.”