मैफल संपली, टेप कुणाची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिलबोर्ड’च्या यादीत एक जुना विक्रम मोडला. पहिल्या चाळिसांत सर्वाधिक आल्बम पोचवण्याचा मान तोवर एल्व्हिस प्रेस्ली आणि फ्रँक सिनात्रा यांच्याकडे होता, दोघांचे प्रत्येकी ५८. ग्रेटफुल डेड या बँडने ५९ वा आल्बम यादीत घुसवला आणि दोघांनाही मागे टाकलं. मजा अशी की हा बँड १९९५ मध्येच बंद झाला होता. त्याचा म्होरक्या जेरी गार्सिया त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारला, आणि डिसेंबरात उरलेल्यांनी गाशा गुंडाळला. त्यांचे स्टुडिओत केलेले आल्बम तेराच. मग विक्रमाएवढे आल्बम आले कुठून? बहुतेक सगळे जुन्या कार्यक्रमांच्या टेपांमधून. विक्रम मोडणारा आल्बमसुद्धा १९८५ मधल्या कार्यक्रमांचा होता.

त्याहून मोठी मजा म्हणजे याच बँडने आपल्या श्रोत्यांना कार्यक्रम फुकटात टेप करू दिले होते, आणि तेही उघडपणे, खास जागा नेमून देऊन. माल आधी फुकट वाटायचा आणि नंतर तोच विकायला काढायचा, हा धंदा कोणत्याही हिशेबनिसाला वेडगळ वाटेल. तो इतका चालला कसा, हे पाहिलं की दौरे करणाऱ्या बँडांनी आपल्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं स्वतःहून बाजारात आणावीत का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती लागतं.

ग्रेटफुल डेडने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले. एकही कार्यक्रम दुसऱ्यासारखा नसे. कोणती गाणी वाजवायची ते मंचावर जाता जाता ठरायचं. एखादं गाणं आज आठ मिनिटांत आटपायचं, तेच उद्या पंचवीस मिनिटं चालायचं आणि मधेच वेगळ्याच गाण्यात शिरायचं. आपल्याकडे एकाच गवयाचा एकच यमन दहा वेळा ऐकणारे रसिक असतात, तशीच ही मंडळी. कालचा कार्यक्रम आणि आजचा कार्यक्रम या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि म्हणून दोन्ही हव्या होत्या.

सत्तरच्या दशकात हे टेपवाले माइक लपवून आत नेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संख्या इतकी वाढली, की सभागृहाच्या मधोमध साउंड इंजिनिअर बसतो तिथे माइकच्या उंच स्टँडांची दाटी होऊ लागली. खुद्द इंजिनिअरलाच मंच दिसेना, मागचे प्रेक्षक तक्रारी करू लागले. दुसऱ्या एखाद्या व्यवस्थापनाने सरळ बंदी घातली असती. डेडच्या लोकांनी ऑक्टोबर १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली कम्युनिटी थिएटरमधल्या कार्यक्रमांपासून टेपवाल्यांसाठी वेगळी तिकिटं काढली आणि साउंडबोर्डाच्या, म्हणजे इंजिनिअरच्या मिक्सरच्या, मागची जागा त्यांना नेमून दिली. अट एकच होती: टेप विकायची नाही.

मग तिथे एक शिस्तच तयार झाली. डोक्यांच्या वर जाईल असा स्टँड, त्यावर माइकची जोडी, मांडीवर बॅटरीवर चालणारा डेक. आसपास कुणी बोललं किंवा शिट्टी वाजवली की दहा जण वळून डोळे वटारणार. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. ती संपत आली की दोन गाण्यांमधली फट हेरायची आणि तेवढ्यात बाजू उलटायची. हुकलं तर नेमका बहरातला तुकडा गळायचा. घरी गेल्यावर वाटप सुरू. ज्याला हवं त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, दुसरा पैसा नाही. प्रत्येक नकलेगणिक खरखर वाढत जाई, त्यामुळे टेप मागताना पहिला प्रश्न असायचा, ही कितव्या पिढीची?

या फुकट टेपांमुळे बँडचं नुकसान झालं का? नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत दौऱ्यांतून सर्वाधिक कमावणाऱ्या मंडळींत हे लोक होते, आणि तेव्हा त्यांचं एकही गाणं रेडिओवर सतत वाजत नव्हतं. कॅसेट ऐकलेला पोरगा पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढायचा. १९९३ मध्ये बँडने आपल्या तिजोरीतल्या टेपा ‘डिक्स पिक्स’ या मालिकेतून विकायला काढल्या, त्यातला डिक म्हणजे डिक लाटव्हाला. हा मूळचा टेपा गोळा करणारा चाहता, ज्याला बँडने आपल्या टेपांचा रखवालदार नेमलं. बँडचं कुठलं वाजवणं उत्तम, हे वादकांपेक्षा त्याला अधिक ठाऊक होतं. मालिकेचे ३६ भाग निघाले. लाटव्हाला १९९९ मध्ये गेला, पण त्याने लावलेलं हे झाड अजून फळं देतं आहे.

चोरट्या टेपांचा इतिहास याहून जुना आणि पुष्कळ कमी सज्जन आहे. बॉब डिलन १७ मे १९६६ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये विजेची गिटार घेऊन वाजवत होता, आणि श्रोत्यांतून कुणीतरी त्याला ‘ज्यूडास’, म्हणजे दगाबाज, म्हणून हाक मारली. त्या रात्रीची टेप बाहेर फुटली, तिच्या चोरट्या तबकड्या निघाल्या आणि त्यांच्यावर ठिकाण छापलं गेलं लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. १९९८ मध्ये कंपनीने ती अधिकृतपणे काढली तेव्हा ही चूक इतकी रुळलेली होती, की मुखपृष्ठावर रॉयल अल्बर्ट हॉल हे नाव अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं. मालकाने आपली वस्तू बत्तीस वर्षं कपाटात ठेवली, तर तिचं बारसं चोर करून जातो.

पर्ल जॅम या सिएटलच्या बँडने हा मामला धंदेवाईक पद्धतीने सोडवला. त्यांचे चाहते भिकार आवाजाच्या चोरट्या सीडीला भरमसाट पैसे मोजत होते. बँडने २००० च्या युरोप दौऱ्यातले २५ कार्यक्रम त्याच सप्टेंबरमध्ये एका दमात बाजारात आणले, प्रत्येक कार्यक्रम दोन सीडींचा, साधं पुठ्ठ्याचं वेष्टन, किंमत बेताची. त्यातले पाच आल्बम एकदमच ‘बिलबोर्ड’च्या यादीत शिरले. पुढे अमेरिकेतले कार्यक्रमही आले आणि एकूण आकडा ७२ वर गेला. २००२ संपताना फिश या बँडने याच्याही पुढची पायरी गाठली: कार्यक्रम संपल्यावर ४८ तासांच्या आत तो इंटरनेटवर विकत मिळू लागला. नंतर मेटॅलिका आणि ब्रूस स्प्रिंगस्टीनही याच वाटेने गेले.

पण ७२ आल्बम ऐकणार कोण? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर बँडच्या स्वभावात आहे. पर्ल जॅम रोज गाण्यांचा क्रम बदलतो, फिश तर एकाच गाण्यावर अर्धा तास खेळतो. तिथे प्रत्येक तारखेला काही अर्थ आहे. ज्या दौऱ्यात दिवे, पडदे, नाच आणि आधी भरून ठेवलेले आवाज सगळं सेकंदाला बांधलेलं असतं, तिथे कोपनहेगन आणि कोलोन यांतला फरक फक्त गायकाने घेतलेल्या शहराच्या नावापुरता असतो. अशांनी एक चांगला लाइव्ह आल्बम काढावा आणि थांबावं. सगळा दौरा विकणं म्हणजे संग्राहकाच्या खिशात हात घालणं.

टेप कुठून घेतली यावरही बरंच अवलंबून असतं. साउंडबोर्डावरून थेट घेतलेली टेप स्वच्छ असते, म्हणून ती सर्वांत उत्तम असा समज आहे. तो नेहमी खरा नसतो. मिक्सरवरून स्पीकरकडे काय पाठवायचं, हे इंजिनिअर सभागृह पाहून ठरवतो. लहान हॉलमध्ये गिटारचा अँप्लिफायर आणि ड्रम मुळातच मोठ्याने ऐकू येतात, म्हणून ते मिक्सरमधून जेमतेम पुढे सोडले जातात आणि गाणाऱ्याचा आवाज मात्र भरपूर उचलला जातो. तीच टेप घरी लावली की गायक कानात ओरडतो, गिटार शेजारच्या घरातून आल्यासारखी वाटते आणि श्रोते जणू आलेच नव्हते. टेपवाल्याच्या माइकमध्ये हॉल, टाळ्या, गलका सगळं असतं, फक्त शब्द अस्पष्ट. म्हणूनच जाणकार या दोन टेपा एकमेकींवर बसवून तिसरी बनवतात. चांगल्या अधिकृत ध्वनिमुद्रणात प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेतलेलं असतं आणि नंतर कुणीतरी बसून त्याचा तोल साधलेला असतो. डिजिटल मिक्सरमुळे आज सगळे ट्रॅक लॅपटॉपवर उतरवणं अगदी स्वस्त झालं आहे. महाग आहेत ते तोल साधणाऱ्याचे तास.

अधिकृत म्हणजे अस्सल, असंही नाही. किस या बँडच्या १९७५ च्या ‘अलाइव्ह!’ या गाजलेल्या लाइव्ह आल्बममधला बराच भाग नंतर स्टुडिओत दुरुस्त केला होता, हे आता लपलेलं नाही. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’चा किती भाग मंचावरचा आणि किती स्टुडिओतला, यावर निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी एक सांगत आला आणि बँड दुसरंच. या बाबतीत पुठ्ठ्याच्या पाकिटातली पर्ल जॅमची सीडी अधिक प्रामाणिक वाटते. चुकलेला सूर तिथे चुकलेलाच आहे, आणि खरेदी करणाऱ्याला तो तसाच हवा असतो.

मात्र सूर चुकलेल्या माणसालाही काही म्हणायचं असतं. किंग क्रिम्सन या बँडचा रॉबर्ट फ्रिप याबाबत कमालीचा कडक. चोरून टेप करणं किंवा फोटो काढणं म्हणजे श्रोता आणि वादक यांच्यातला अलिखित करार मोडणं, असं तो मानतो. अलीकडच्या दौऱ्यांत तर कार्यक्रमाच्या शेवटी बासवादक टोनी लेव्हिनने स्वतःचा कॅमेरा उचलला, की मगच श्रोत्यांना फोटो काढण्याची मुभा, असा नियम होता. गंमत म्हणजे याच फ्रिपने स्वतःच्या कंपनीतून किंग क्रिम्सनचे जुने कार्यक्रम ढिगांनी प्रसिद्ध केले आहेत. यात विसंगती शोधणारे शोधतात, पण ती नाही. लोकांनी ऐकू नये असं त्याचं म्हणणंच नव्हतं. काय बाहेर जावं हे वाजवणाऱ्याने ठरवावं, एवढाच त्याचा हट्ट. पर्ल जॅमनेही २००० च्या दौऱ्यातला एक कार्यक्रम वगळला: ३० जून, डेन्मार्कमधला रॉसकिल्ड महोत्सव, जिथे गर्दीत चिरडून नऊ प्रेक्षक मेले. मालिका अपुरी राहिली म्हणून कुणी तक्रार केली असेल, तर ती ऐकण्याच्या लायकीची नव्हती.

ग्रेटफुल डेडलाही हा अधिकार वापरताना एकदा चटका बसला. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यांच्या सांगण्यावरून ‘इंटरनेट आर्काइव्ह’वरच्या हजारो टेपा उतरवून घेणं बंद झालं. कार्यक्रम आता विकायचे होते, फुकट मिळत असताना घेणार कोण, असा हिशेब. वीस वर्षं ‘घ्या, वाटा’ म्हटल्यावर हे ऐकून चाहते खवळले. बासवादक फिल लेशनेच आपल्याला काही विचारलं नव्हतं असं जाहीर केलं. काही दिवसांत तडजोड झाली: श्रोत्यांनी केलेल्या टेपा पूर्वीसारख्या उतरवून घ्याव्यात, साउंडबोर्डाच्या टेपा मात्र तिथल्या तिथे ऐकाव्यात. ही व्यवस्था तेव्हापासून टिकून आहे.

आणि फुकट ऐकलेलं लोक विकत घेत नाहीत, या समजाला ८ मे १९७७ ची टेप पुरून उरते. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधला हा कार्यक्रम. मे महिन्यात बाहेर चक्क बर्फ पडत होतं. बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सनने तो नाग्रा टेपरेकॉर्डरवर घेतला. पुढे तिचे दिवस फिरले, गोदामाचं भाडं थकलं, आणि १९८६ मध्ये तिच्या सामानाबरोबर शेकडो टेपांचा लिलाव झाला. त्यातून नकला निघाल्या आणि ही टेप जवळजवळ प्रत्येक चाहत्याच्या घरात पोचली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत स्थान दिलं, तेव्हा तिची अधिकृत प्रत बाजारात नव्हतीच. मूळ फिती परत मिळाल्यावर ती २०१७ मध्ये आली, म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि घरोघरी असलेली ही टेप लोकांनी पुन्हा पैसे देऊन घेतली.

खासगी मैफलींच्या टेपा हातोहात फिरवण्याचा नाद महाराष्ट्रातल्या संगीतप्रेमींना नवा नाही. स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून मोबाइलवर असा त्यांचा प्रवास चालूच असतो. भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराच्या सादरीकरणाला स्वतंत्र हक्क मिळाला. आज तो पन्नास वर्षांचा आहे. स्वतःपुरतं ध्वनिमुद्रण करणाऱ्याला कायदा सूट देतो, ते विकणाऱ्याला नाही.

डेडच्या गोतावळ्यातली एक टेप तर थेट मुंबईच्या माणसाशी येऊन भिडते. बँडचा सुरुवातीचा साउंड इंजिनिअर औझ्ली स्टॅन्ली आपलं काम कसं झालं हे तपासण्यासाठी रोजचे कार्यक्रम टेप करून ठेवायचा. फक्त डेडचेच नव्हे, तो जिथे जिथे मिक्सरवर बसायचा तिथले सगळे. २९ मे १९७० ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘फॅमिली डॉग’ या रॉकच्या अड्ड्यावर अली अकबर खाँ यांचा सरोद, इंद्रनील भट्टाचार्य यांची सतार आणि एकोणीस वर्षांच्या झाकीर हुसेन यांचा तबला रंगला होता, तोही त्याच्या टेपवर उतरला. झाकीरभाईंनी पुढे डेडच्या मिकी हार्टबरोबर अनेक वर्षं वाजवलं, ‘प्लॅनेट ड्रम’साठी ग्रॅमीही मिळवलं. स्टॅन्लीच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने ती टेप २०२० मध्ये प्रकाशित केली. संस्थेकडे अशा टेपा ढिगाने आहेत. चुंबकीय फीत जुनी होत जाते तशी खराब होते, त्यामुळे त्या आधी संगणकावर उतरवून घेणं भाग आहे. प्रकाशनासाठी मात्र त्या रात्री मंचावर असलेल्या कलाकारांची, आणि ते हयात नसतील तर त्यांच्या वारसांची, संमती मिळवावी लागते. टेप जितकी जुनी, तितकी ही यादी लांब.