मिठागरातला पॅन

मुर्धे गावातली आठवीतली एक मुलगी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. गेल्या मार्चमध्ये भूगोलाच्या धड्यात तिला 'सॉल्ट पॅन' हे शब्द भेटले. वहीत तिने अर्थ लिहून आणला : मीठ भाजायचा तवा. तिचे आजोबा उभा जन्म ज्या मिठागरात राबले, भाईंदरहून उत्तनला जाताना ज्याचे पांढरे ढीग रस्त्यावरून दिसतात, त्याचेच हे इंग्रजी नाव, असे मी सांगितले तेव्हा ती ओशाळली. तिला त्या दिवशी ओशाळू दिले याची मला अजून रुखरुख आहे. कारण शब्दकोश उघडून बसले, तेव्हा कळले की तिचा तवा फारसा चुकलेला नव्हता.

इंग्लंडमध्ये मीठ खरोखरच विस्तवावर होत असे. चेशायर परगण्यात जमिनीखालून खारे पाणी काढायचे, ते उथळ, पसरट भांड्यात ओतायचे आणि खाली जाळ लावून आटवायचे. रोमन काळात ही भांडी शिशाची होती, पुढे लोखंडाची आली. भांड्याचे नाव पॅन. नॉर्थविचजवळच्या मार्स्टन गावातला असा एक कारखाना तर 1986 पर्यंत चालू होता. तिकडे आभाळ सदा भरलेले, ऊन कोवळे. जाळाशिवाय पाणी आटणार कसे? म्हणून मिठाशी पॅन जोडला गेला, आणि पुढे जिथे भांडेही नाही आणि चूलही नाही, अशा समुद्रकाठच्या वाफ्यांनाही इंग्रजीत तेच नाव मिळाले.

आपल्याकडे जाळ आकाशात असतो. उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेतात. ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत नेतात आणि दर मुक्कामी ऊन-वारा त्याला घट्ट करत जातो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाण्याचा घट्टपणा मोजणाऱ्या बोमे मापकावर हे पाणी 3 अंशांच्या आसपास भरते. आटता आटता आधी जिप्सम तळाशी बसते, आणि 25 अंशांच्या सुमारास मिठाचे खडे धरू लागतात. मात्र पाणी शेवटच्या थेंबापर्यंत आटवायचे नसते. 29-30 अंशांवर उरलेले पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार उतरून मीठ कडू होते. पावसाळा आला की सगळे थांबते. मिठागरातल्या माणसाला यातले कितीतरी नुसत्या पाण्याच्या रंगावरून कळते.

म्हणजे स्वयंपाकघरातला पॅन आणि मिठागरातला पॅन हा एकच शब्द, त्याचा अर्थ तेवढा पसरत गेला. अभ्यासक त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'पातिना' म्हणजे उथळ ताटलीपर्यंत नेतात. 1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, तेव्हा नदीची वाळू पॅनमध्ये घोळून सोन्याचे कण वेगळे करत. एखादी गोष्ट साधली, या अर्थाचा 'पॅन आउट' हा वाक्प्रचार त्या खाणकामगारांचा.

कॅमेरा आडवा फिरवतात तो पॅन मात्र वेगळ्याच घरातला. तो 'पॅनोरमा'चा तुकडा आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने 18व्या शतकाच्या अखेरीस एडिंबरा शहराचे वर्तुळाकार चित्र काढले, त्या प्रकाराला हे नाव पडले; ग्रीक 'पान' म्हणजे सर्व आणि 'होरामा' म्हणजे दृश्य. पॅनडेमिकमधला आणि सिनेमाच्या जाहिरातीतल्या 'पॅन इंडिया'मधला पॅन हाच. ग्रीकांचा बोकडाच्या पायांचा एक देवही पॅन नावाचा. रानात अवचित भीती दाटते ती त्याच्यामुळे, असे मानत. त्यातून 'पॅनिक' आला. आयकर खात्याचा पॅन तर या कुळांपैकी कुठल्याच कुळातला नाही. पर्मनंट अकाउंट नंबर या तीन शब्दांची आद्याक्षरे जुळून तो झाला. त्याच्या दहा खुणांपैकी चौथे अक्षर पी असेल तर कार्ड एका व्यक्तीचे, आणि अशा कार्डावर पाचवे अक्षर आडनावाचे पहिले असते.

भाईंदर स्टेशनबाहेर मी तिला मुद्दाम दोन पाट्या दाखवल्या. झेरॉक्सच्या दुकानावर पॅन कार्ड काढून मिळेल, शेजारच्या टपरीवर पान भांडार. रोमन लिपीत दोन्हींकडे पी, ए, एन हीच अक्षरे. मराठीत 'पॅ'वरची चंद्रकोर आणि 'पा'चा काना आपल्याला वाचवतात. टपरीवरचे पान संस्कृत 'पर्ण'चे. आणि हे 'पर्ण' नेचाच्या इंग्रजी नावाशी, 'फर्न'शी, रक्ताचे नाते सांगते; दोन्ही शब्द पंख किंवा पीस असा अर्थ असलेल्या एकाच प्राचीन धातूतून फुटले. जे शब्द एका स्पेलिंगखाली एकत्र राहतात ते परके, आणि ज्यांचे तोंड एकमेकांना मिळत नाही ते भाऊबंद!

ऐकताना एका शब्दाच्या अनेक अर्थांतून नेमका अर्थ मन कसे उचलते? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा 1979 मधला प्रयोग मला फार विलक्षण वाटतो. त्यांनी लोकांना एक उतारा ऐकवला. त्यात 'बग्ज' हा शब्द होता, ज्याचा अर्थ किडे आणि चोरून ऐकायची यंत्रेही. आसपास झुरळे-कोळी असे शब्द पेरून संदर्भ अगदी स्पष्ट केला होता. तरीही तो शब्द कानावर पडल्याबरोबर मनात दोन्ही अर्थ जागे झालेले दिसले. जेमतेम तीन अक्षरावयव पुढे गेल्यावर नको असलेला अर्थ विझला. आपल्याला मात्र दोन अर्थ जागे झाल्याचे जाणवतही नाही. नव्याने भाषा शिकणाऱ्या मुलीच्या मनात त्यातला एकच असतो, आणि ती त्यालाच धरून वाक्य उभे करते. 'मीठ भाजायचा तवा' हे असे उभे राहिले.

पुढच्या वेळी ती स्वतःच एक जोडी घेऊन आली : मिठागरातले आगर आणि एसटीचे आगार. हे दोन एकच का? नाहीत. आगार म्हणजे घर, कोठार; तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. आगर आला 'आकर'पासून, आणि आकर म्हणजे खाण. कोकणात नारळी-पोफळीच्या बागेलाही आगर म्हणतात. समुद्राला रत्नाकर म्हणतात त्यात हाच आकर आहे, रत्नांची खाण. तिने वहीतला तवा खोडला नाही. त्याच्याखाली रेघ मारून 'आजोबांचे आगर' लिहिले, आणि त्याखाली समुद्राचे ते नाव.