ड्युओलिंगो: ३४ तासांचा दावा आणि नंतर

जून २०१२मध्ये भाषा शिकवणारे ड्युओलिंगो सर्वांसाठी खुले झाले. फुकट. कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुईस फॉन आन आणि त्यांचा विद्यार्थी सेव्हेरिन हॅकर यांचा हिशेब वेगळाच होता: शिकणाऱ्यांनी सराव म्हणून इंटरनेटवरचा मजकूर भाषांतरित करायचा आणि कंपनीने तो विकायचा. सीएनएन आणि बझफीड ही गिऱ्हाइकेही मिळाली, पण धंदा टिकला नाही. जाहिराती आणि वर्गणी आली.

शिकवणे मात्र पहिल्याच वर्षी तपासले गेले, कंपनीच्याच पैशाने. रूमेन वेसेलिनोव्ह आणि जॉन ग्रेगो या संशोधकांनी स्पॅनिश शिकणाऱ्यांची आठ आठवड्यांच्या आधी आणि नंतर चाचणी घेतली. निष्कर्ष निघाला, की ड्युओलिंगोवरचे सरासरी ३४ तास म्हणजे महाविद्यालयातले पहिले सत्र. हा आकडा पुढे फार मिरवला गेला. चाचणी मात्र विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसवायचे हे ठरवणारी, संगणकावरची. तीत तोंड उघडावेच लागत नव्हते! २०२१मध्ये कंपनीच्या संशोधकांनी स्पॅनिश आणि फ्रेंचचे निकाल चार सत्रांच्या तोडीचे असल्याचे दाखवले, तेही वाचन आणि श्रवणापुरतेच.

ॲपमागे अभ्यास नव्हता असे नाही. शिकलेला शब्द विस्मरणात जाण्याच्या बेतात असताना पुन्हा समोर आणायचा, यासाठी बर्‌ सेटल्स आणि ब्रेंडन मीडर यांनी २०१६मध्ये मांडलेले गणित आजही वाचनीय आहे. पण त्याच ॲपमध्ये रोजच्या हजेरीची अखंड साखळी, गुण आणि साप्ताहिक चढाओढही होती. साखळी तुटू नये म्हणून रात्री पावणेबाराला सोपा धडा उरकणारा माणूस हजेरी लावतो. शिकतो किती, ते गुणांत दिसत नाही.

स्वयंसेवकांची गोष्ट जरा चटका लावणारी. २०१३पासून त्यांनी आयरिश, वेल्श असे अभ्यासक्रम रचले, व्याकरणाची सविस्तर टिपणे लिहिली. २०२१मध्ये ती व्यवस्था बंद झाली. पुढच्या वर्षी धड्यांचे झाड जाऊन एकच ठरलेली वाट आली; मनाजोगता धडा निवडण्याची मुभा गेली, टिपणेही आटली. इंग्रजीतून हिंदी २०१८मध्येच आली होती. मराठी मात्र तशी आली नाही.

मार्च २०२३मध्ये जीपीटी-४वर चालणारे भूमिकासंवाद आले. पाठोपाठ २०२४मध्ये लिली या पात्राशी व्हिडिओ कॉलवर मोकळेपणाने बोलण्याची सोय झाली, ती सुरुवातीला सर्वांत महाग वर्गणी भरणाऱ्यांसाठी.