पाटी बदलली, नोंद तीच

विंडोजमध्ये खात्याचं नाव बदललं की संगणकावरून आपलं खरं नाव गेलं, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात कंट्रोल पॅनेलमधून बदलतं ते लॉगिनच्या वेळी पडद्यावर दिसणारं नाव. खातं पहिल्यांदा उघडताना तयार झालेलं प्रोफाइल फोल्डर (वापरकर्त्याच्या फाइली आणि सेटिंग्ज ठेवण्याची जागा) जुनंच नाव धरून बसतं. दारावरची पाटी बदलली तरी घरपट्टी जुन्याच नावाने येत राहते, तसं.

हे फोल्डर 'सी' ड्राइव्हवर 'यूजर्स'मध्ये असतं आणि तिथल्या प्रत्येक फाइलच्या पाथमध्ये (पूर्ण पत्त्यात) ते नाव येतं. एखादा प्रोग्रॅम अडला म्हणून एरर मेसेजचा स्क्रीनशॉट अनोळखी माणसाला पाठवला, आणि त्यात पाथ दिसत असेल, की त्यासोबत नाव-आडनाव आयतंच जाऊ शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरुवात केली असेल तर फोल्डरला सहसा ईमेल पत्त्याची पहिली 5 अक्षरं मिळतात. ओळख पटायला कधी कधी तीही पुरतात.

फोल्डरचं नाव थेट बदलायच्या फंदात मात्र पडू नये. जुना पाथ रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत) आणि कित्येक प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असतो. तो जुळला नाही, की लॉगिननंतर भलताच रिकामा डेस्कटॉप समोर येऊ शकतो. त्यापेक्षा ओळख न सांगणाऱ्या नावाचं नवं लोकल खातं उघडून फाइली तिकडे हलवणं बरं. वर्डच्या जुन्या फाइलींत लेखक म्हणून नोंदलेलं नाव त्यानंतरही राहतं. ते 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'मधून वेगळं काढावं लागतं.